वाळूतलं घरटंही घरटंच

प्रति,
निसर्ग-छायाचित्र स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक,
तसंच रविवारच्या पुरवण्यांचे चित्रसंपादक यांस,



मी भिलाईत, जुनवानीला राहतो. वडील पोलाद कारखान्यातल्या नोकरीसाठी अमरावतीहून इकडे आले. मीही नोकरी तिथेच केली आणि गेली तीस-पस्तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून तलावांच्या काठाने हिंडतो आहे. तुमच्या स्पर्धांमध्ये मी फोटो पाठवलेत. दोन-तीनदा इथल्या छोट्या स्पर्धांचा परीक्षकही झालो. हे पत्र त्या परीक्षकाचं आहे, आणि ते लिहायला मला तीन वर्षं उशीर झाला आहे.

तीन वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळाने गणेशोत्सवात छायाचित्र स्पर्धा भरवली होती. पहिलं बक्षीस मी एका कासवाच्या फोटोला दिलं. रात्रीचा किनारा, मागे मिट्ट काळोख, आणि चौकट भरून ऑलिव्ह रिडले मादीचं तोंड. पापणीवर वाळूचे कण. डोळ्याखालून ओघळलेली ओली रेघ, तिच्यावरही वाळू चिकटलेली. फोटोखाली नाव दिलं होतं, ‘प्रसववेदना’. बक्षीस जाहीर करताना मी डोळ्यातल्या चमकेचं कौतुक केलं. त्या काळ्या बुबुळात प्रकाशाचे दोन ठिपके होते, एक मोठा आणि एक बारीक. त्यांच्यामुळे फोटो जिवंत झालाय, असं मी माइकवर म्हणालो.

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना तो मुलगा सांगू लागला. पंचविशीचा असेल, नुकता नोकरीला लागलेला. मित्रांबरोबर ओडिशात गंजामच्या किनाऱ्यावर गेला होता. “काका, तासभर लागला. मित्राने टॉर्च धरला, मी तिच्या तोंडासमोर पोटावर पडून राहिलो. ती वळायची तसे आम्हीही वळायचो.” मी विचारलं, “आणि अंडी?” तो म्हणाला, “नाही घातली. थोडं खणलं आणि परत पाण्यात गेली.”

त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक मला असायला हवं होतं. बुबुळातला मोठा ठिपका टॉर्चचा होता आणि बारीक ठिपका फ्लॅशचा. पुरावा फोटोतच होता आणि मी त्यालाच चमक म्हटलं होतं.

ही मादी साधारण पस्तीस ते पंचेचाळीस किलोची असते. पाण्यात तरंगणारं ते शरीर वाळूवर आलं की सगळं वजन तिला चार वल्ह्यांनी ओढावं लागतं. भरतीच्या रेषेच्या वर जाऊन ती जागा निवडते, अंग घुसळून वाळू सैल करते आणि मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने, डोळ्यांनी न पाहता, दीड फुटाचा खड्डा करते. वल्ह्याचं टोक ओंजळीसारखं वळवून ती वाळू उचलते, बाजूला टाकते, मग दुसरं वल्हं खाली जातं. शंभराच्या आसपास अंडी पडली की खड्डा बुजवून त्यावर अंग आपटून वाळू दाबते. हे सगळं तासाभरात उरकतं. अंडी पडायला लागली की ती सहसा थांबत नाही. पण त्याआधी, वर चढताना आणि खणताना, ती फार बुजरी असते. समोर हालचाल दिसली, उजेड पडला, की अर्ध्यावरून मागे फिरते. तोंडाचा फोटो हवा असणारा माणूस मात्र नेमका त्याच वेळी तिच्या समोर असतो. परतलेली मादी पुन्हा प्रयत्न करते हे खरं, त्याच रात्री किंवा पुढच्या एखाद्या रात्री. पण ते सगळं वजन घेऊन सगळी चढण पुन्हा चढायची असते.

आणि ती ओली रेघ. ते अश्रू नव्हेत. समुद्राचं पाणी पिणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्याजवळ एक ग्रंथी असते, तिच्यातून जास्तीचं मीठ बाहेर पडतं. पाण्यातही ते पडतच असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. ‘प्रसववेदना’ या नावावर हेलावलेल्या लोकांत मीही होतो. त्या रात्री तिला खरा जाच होता तो आपल्याच माणसांचा, आणि तो तर चौकटीबाहेर उभा होता.

तुमच्यापुढे माझा मुद्दा एकच आहे. पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो आपल्याकडच्या अनेक स्पर्धांनी बंद केले. एके काळी त्याच फोटोंना हमखास बक्षीस मिळे. चोच वासलेली पिल्लं, अळी घेऊन आलेली आई. मग कळलं की त्या फोटोंसाठी फांद्या छाटल्या जातात, घरटी उघडी पडतात, कावळ्यांना पत्ता लागतो. जाणत्या छायाचित्रकारांनी आवाज उठवला आणि नियम आले. आज घरट्याचा फोटो पाठवणाऱ्याला संकोच वाटतो. हे काम तुम्ही केलंत, आणि ते मोठं आहे. मग वाळूतलं घरटं त्या नियमातून का सुटलं? खणणारी मादी, उघडी अंडी, वाळूतून वर येणारी पिल्लं, हे सगळं घरटंच नाही का? ते झाडावर नाही, एवढाच फरक.

कायद्याने तर हा फरक केलेलाच नाही. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचं दुसरं कलम उघडून पाहा. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्षी आणि सरपटणारे प्राणी एकाच ओळीत आहेत. त्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी विचलित करणं हेही तिथे शिकारीत धरलं आहे. ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. कायदा करणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी सुचलं ते आपल्या नियमपत्रकात अजून उतरलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, फोटो कसा काढला हे टेबलाशी बसून कसं ओळखायचं? पुष्कळदा ओळखता येतं. मी आता ओळखायला शिकतो आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कोकणचा फोटो घ्या. वेळास, आंजर्ले, गुहागर, सगळे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. सूर्य मावळतो तो समुद्रात. आता मागे लाल सूर्याचा गोळा, पुढे आपल्याकडे तोंड करून चालणारं पिल्लू, असा फोटो आला तर त्या पिल्लाची पाठ समुद्राकडे आहे. वाळूतून वर आलेलं पिल्लू आपणहून तसं चालत नाही. ते क्षितिजाकडचा खालचा उजेड धरतं आणि सुरूच्या बनासारख्या उंच काळोखापासून लांब जातं. म्हणजे कुणीतरी त्याला उचलून फिरवून ठेवलं आहे. सूर्य मागे हवा म्हणून.

किंवा पिल्लाच्या मागची वाळू पाहा. चालत आलेल्या पिल्लामागे वल्ह्यांच्या खुणांची बारीक नक्षी उमटलेली असते. मागे वाळू कोरी असेल तर ते तिथे चालत आलेलं नाही, हाताने आणून ठेवलेलं आहे.

पिल्लाचं तोंड समोरून, डोळ्याच्या पातळीवर, मागे किनाऱ्याचा चढ आणि सुरूची झाडं. हा फोटो वरवर निर्दोष वाटतो. पण पिल्लू समुद्राकडे चाललंय, म्हणजे छायाचित्रकार पिल्लू आणि पाणी यांच्या मधे आडवा पडला आहे. चार सेंटिमीटरच्या जिवासमोर माणसाचं आडवं शरीर म्हणजे एक काळी टेकडीच. ते वळसा घेतं. अंगात शिल्लक राहिलेल्या पिवळ्या बलकावर त्याला पहिला दिवस सलग पोहून किनारा मागे टाकायचा असतो. त्यातलीच शिदोरी इथे खर्च होते. आणि वाइड अँगलने काढलेल्या फोटोत तोंड मोठं, पाठ लहान, किनारा वाकलेला दिसला तर लेन्स वीतभर अंतरावर होती हे सांगायला फोटोसोबतची एक्झिफ नोंदही लागत नाही.

डोळ्यातले प्रकाशबिंदू मोजा. रात्रीच्या किनाऱ्यावर कासवाच्या डोळ्यात एकही दिवा दिसायला नको.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या प्रसिद्ध स्पर्धेचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. 2009 चा विजेता लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं, बक्षीस काढून घेतलं. पुढे 2018 मध्ये मुंगीखाऊच्या एका फोटोचं बक्षीसही काढून घेतलं, कारण प्राणी पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. दोन्ही निर्णय योग्य होते. पण फसवणूक झाली होती ती पाहणाऱ्यांची. पेंढा भरलेल्या मुंगीखाऊचं काही बिघडलं नाही. आमच्या फोटोतली मादी जिवंत होती, फोटो शंभर टक्के खरा होता, आणि म्हणूनच तुमच्या आजच्या नियमांत तो बसतो. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. खोट्या फोटोला शिक्षा आहे, जिवाला जाच देऊन काढलेल्या खऱ्या फोटोला मात्र ढाल मिळते.

याला एक उत्तर नेहमी येतं, आणि ते मी हलक्यात घेत नाही. फोटो पाहूनच लोकांना माया वाटते, मायेतून संरक्षण होतं. खरं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळासचंच पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास तिथे कासवांचं काम सुरू केलं, तेव्हा घरटी लुटून अंडी नेली जात. आज तिथल्या घराघरांत पाहुणे उतरतात, उकडीचे मोदक खातात आणि पहाटे किनाऱ्यावर जातात. गावातलीच माणसं कासवमित्र झाली. यात फोटोंचा वाटा मोठा आहे हे मी मानतो. मी स्वतः तिथे गेलो तो एक फोटो पाहूनच.

त्या सकाळचं मला जे आठवतं तेही सांगतो. दोन्ही बाजूंनी दोरी बांधलेली, मधे पाण्यापर्यंत मोकळी वाट. टोपलीतून पिल्लं पाण्यापासून बरीच अलीकडे सोडली, कारण ती वाळू त्यांनी स्वतः चालावी असा तिथला शिरस्ता आहे. पहिली काही मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक हात फोन घेऊन दोरीच्या आत गेला, मग दुसरा, मग एक गुडघा. कासवमित्र हात जोडून सांगत होता, “दोरीच्या मागे, दादा, दोरीच्या मागे.” त्याचा आवाज शेवटी बसला. दोरीच्या आत गेलेले हात वाईट माणसांचे नव्हते. बक्षीस मिळालेल्या फोटोंत जे पाहिलं तेच त्यांना आपल्या फोनमध्ये हवं होतं. समोरून, जवळून, डोळ्यांच्या पातळीवर.

कोस्टा रिकाच्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर सप्टेंबर 2015 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. सामूहिक विणीच्या दिवशी शेकडो पर्यटक वाळूत उतरले, काहींनी मुलांना कासवांच्या पाठीवर बसवून फोटो काढले, रक्षक मोजकेच. पुष्कळ माद्या अंडी न घालता समुद्रात परतल्या. तिथेही कासवांचा द्वेष करणारं कुणी नव्हतं.

जवळ जावंच लागतं अशी कामंही आहेत, हे मला मान्य आहे. ओडिशाच्या गहिरमाथ्याला मार्च 2021 मध्ये एका मादीच्या वल्ह्याला धातूची पट्टी लावली होती. जानेवारी 2024 मध्ये ती गुहागरला अंडी घालताना सापडली. कुणीतरी वाकून पट्टीवरचा आकडा वाचला म्हणून पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावरही विणीला येतं हे कळलं. ही बातमी वाचली त्या दिवशी मी नकाशा काढून बसलो होतो. दोन किनाऱ्यांच्या मधे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आमची भिलाई, आणि ती बाई सगळ्या देशाला वळसा घालून गेलेली. तो आकडा वाचणाऱ्याचं जवळ जाणं आणि आमच्या विजेत्याचं जवळ जाणं मी एका मापाने मोजू शकत नाही.

आता माझ्या दारातलं सांगतो. आमच्या भागातल्या तलावांत मऊ पाठीचं, पोटाला झडपा असलेलं कासव असतं. उन्हाळ्यात चिखलात गाडून घेतं, पहिला जोरदार पाऊस झाला की बाहेर पडून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे चालत जातं. मधे आता रस्ते आहेत, कॉलन्या आहेत, कॉलेजं आहेत. गेल्या जुलैत सकाळी फिरायला निघालो तर पाच-सहा मुलं गोल करून उभी. मधे मोटरसायकलच्या सीटवर ठेवलेलं कासव. एकाने फोन त्याच्या तोंडापासून वीतभर धरलेला. मला पाहून म्हणाला, “अंकल, मुंडी ही नहीं निकाल रहा.” दुसऱ्याने बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. तिसऱ्याने उलटं केलं. पोटाकडच्या मागच्या दोन झडपा त्याने घट्ट मिटून घेतल्या होत्या, पाय आत. अंगाखाली सीटवर ओल पसरली होती. भेदरलेली कासवं अंगातलं पाणी सोडतात. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या कासवांबद्दल तर तिथे सगळ्यांना बजावतात की उचलू नका, कासव साठवलेलं पाणी टाकून देतं आणि मग उन्हाळ्यात तहानेने मरू शकतं. आमच्याकडे पावसाळा होता, म्हणून तेवढं निभावलं.

मी रागावलो नाही. कासव तलावाच्या बाजूच्या गवतात ठेवलं आणि मुलांना म्हणालो, इथे माझ्याजवळ, वीस पावलांवर बसा, बोलू नका. दोघं निघून गेली. बाकीची बसली. बावीस मिनिटं लागली. आधी नळीसारखं बारीक नाक बाहेर आलं. ते हवेत थोडं हललं आणि थांबलं. मग डोळे. मग एकदम लांब मान, कुणाला वाटणार नाही एवढी लांब. पुढचे पाय सुटले आणि ते घाईने, जवळजवळ धावत पाण्यात गेलं. “मुंडी” पाहायची होती तो मुलगा मला कुजबुजत म्हणाला, “अंकल, इतना तेज़ चलता है?” त्याच्या फोनवरच्या फोटोत गवत खूप आणि कासव बोटाच्या पेराएवढं आहे. त्याने तो पुसला नाही.

आपल्या संतांना कासवीचं एक रूप फार प्रिय होतं. ती पलीकडच्या तीरावर राहते आणि नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते. प्राणिशास्त्राला हे पटणारं नाही. कासवी अंडी घालून जाते ती पिल्लांना कधी भेटतही नाही. पण दुरून पाहण्यातही माया पुरेपूर असते, ही समजूत आपल्या भाषेत शेकडो वर्षं आहे. लेन्स बनवणाऱ्यांनी तर आता तीनशे-चारशे मिलिमीटरची नजर सामान्य माणसाच्या हातात दिली आहे, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात फ्लॅशशिवाय फोटो येतो इतके सेन्सर सुधारले आहेत. जवळ जाण्याची निकड आता उरलेली नाही, सवय तेवढी उरली आहे.

म्हणून माझी मागणी. घरट्याच्या नियमात कासवांची वीण घाला. खणणारी मादी, अंडी आणि वाळूवरचं पिल्लू, यांचा फोटो समोरून किंवा कृत्रिम उजेडात काढलेला असेल तर प्रवेशिका बाद. प्रवेशिकेसोबत चार ओळी मागा: किती अंतरावरून, कोणता उजेड, किती वेळ, आणि फोटोनंतर प्राण्याने काय केलं. या शेवटच्या प्रश्नासाठीच मी हे पत्र लिहितो आहे. तो प्रश्न मी विचारला असता तर ते बक्षीस दिलं गेलं नसतं. गोड्या पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या कासवांच्या फोटोंतून ठिकाणाची नोंद काढून टाकल्याशिवाय ते छापू नका. भारतीय तारा कासव तस्करीपायी इतकं ओरबाडलं गेलं की 2019 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालावं लागलं, आणि तस्करांनाही फोन वापरता येतो. चित्रसंपादकांनो, तुमच्याकडे एक विनंती वेगळी आहे. रविवारी अर्धं पान कासवाला द्याल तेव्हा कधीतरी असा फोटो निवडा, ज्यात किनारा मोठा आहे आणि कासव लहान. दोरीच्या आत हात घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोही फोटो असायला हवा.

तो मुलगा अजून मला भेटतो. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. बक्षीस परत करतो म्हणाला. मी म्हटलं, चूक परीक्षकाची आहे, ते तुझ्याकडेच राहू दे. मंडळाच्या सभागृहात तो फोटो अजून लावलेला आहे, खाली परीक्षक म्हणून माझं नाव आहे. गेल्या महिन्यात त्याने स्वतः जाऊन ‘प्रसववेदना’ ही पट्टी काढली आणि तिथे दुसरी लावली. अक्षर त्याचंच आहे: ‘फोटो काढल्यानंतर ही मादी अंडी न घालता समुद्रात परत गेली.’

आपला,
जुनवानीचा एक छायाचित्रकार